मंगळाची वाट आखणाऱ्या

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे एक जुने स्थान आहे. तेथे सापडलेल्या एका शिलालेखात भास्कराचार्यांच्या कुलाचा वृत्तांत कोरलेला असून, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापिलेल्या मठाचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला, आणि त्याचाच 'लीलावती' नावाचा भाग पुढे शतकानुशतके आपल्या देशात अंकगणिताचे पाठ्यपुस्तक म्हणून मान पावला. लीलावती ही आचार्यांची कन्या होती, असे परंपरा सांगते. घटिकापात्रात मोती पडून तिच्या विवाहाचा मुहूर्त कसा टळला, ही आख्यायिका आपणांपैकी बहुतेकांनी बालपणी ऐकली असेल. तिच्यात इतिहास किती आणि कल्पना किती, हा वाद पंडितांवर सोपवू. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. त्या ग्रंथातील अनेक उदाहरणे एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत. प्रश्न आहेत, रीती आहेत, आचार्यांनी सांगितलेली उत्तरेही आहेत. त्या मुलीने स्वतः काय उत्तर दिले, याची नोंद मात्र कोठेही नाही.

आज मी आपणांस ज्या स्त्रियांविषयी सांगणार आहे, त्यांनी उत्तरे दिली. ती उत्तरे इतकी अचूक होती की, त्यांच्या आधारे माणसे अंतराळात जाऊन सुखरूप परतली आणि एक भारतीय यान मंगळाभोवती फिरू लागले. परंतु त्या उत्तरांखाली त्यांची नावे लिहिली गेली काय, आणि गेली तर केव्हा, हा प्रश्न गणिताहून अवघड ठरला आहे. त्याचाच विचार आपण आज करू.

मी बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात राहतो. मराठी श्रोत्यांना बेंगळुरू ठाऊक असते ते शहाजीराजांची जहागीर म्हणून, आणि अलीकडे संगणकाचे शहर म्हणून. बेळ्ळंदूरच्या मोठ्या तळ्याच्या उत्तरेस जुना विमानतळ आहे, आणि त्या विमानतळाच्या परिसरातच भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, उपग्रह केंद्र आहे. २०१८ सालापासून हे केंद्र प्राध्यापक उडुपी रामचंद्र राव यांच्या नावाने ओळखले जाते. राव यांनी १९७२ साली शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये, उपग्रह बांधण्याचे काम आरंभिले. तेथेच भारताचा पहिला उपग्रह तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रशियातून त्याचे उड्डाण झाले. त्याचे नाव 'आर्यभट'. आपल्या पहिल्या उपग्रहास एका गणितज्ञाचे नाव मिळाले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. कारण अग्निबाण यानाला आकाशात फेकतो हे खरे असले, तरी त्याला वाट दाखविते ते गणितच.

याच बेंगळुरूत, त्या शेडच्या चाळीस वर्षे आधी, एका मराठी मुलीपुढे एक दार बंद झाले होते. कमला भागवत हे तिचे नाव. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत यांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली पदवी परीक्षेत अग्रक्रम मिळवून तिने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. ती स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव त्यांनी तिला प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर त्यांना प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन राहावे, आणि संचालकांचे समाधान झाल्यावाचून कामास मान्यता मिळू नये, अशा त्या अटी होत्या. वर्षअखेरीस संचालकांचे समाधान झाले, आणि त्यानंतर त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. कमला सोहोनी या नावाने आपण त्यांना ओळखतो. त्यांचा विषय जीवरसायन. अंतराळाशी त्याचा संबंध नाही. तरी या हकीकतीत त्यांचे नाव प्रथम घेणे मला न्याय्य वाटते, कारण पुढे आलेल्या मुली ज्या दारातून आत गेल्या, ते त्यांनी उघडून ठेवले होते.

त्या दारातून १९४३ साली आत गेलेल्यांत राजेश्वरी नावाची एक तरुणी होती. तिची पदव्युत्तर पदवी गणिताची, बेंगळुरूच्याच सेंट्रल कॉलेजातली. विवाहानंतर त्या राजेश्वरी चटर्जी झाल्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून उच्च शिक्षण घेऊन १९५३ साली त्या स्वदेशी परतल्या, भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक झाल्या, आणि सूक्ष्मलहरी व अँटेना यांच्या संशोधनाची परंपरा त्यांनी पतीसमवेत तेथे रुजविली. यान कितीही दूर जावो, त्याचा शब्द जमिनीवर ऐकू येतो तो अँटेनामुळे. गणिताची पदवी घेऊन निघालेली एक स्त्री अखेर आकाशाशी बोलण्याच्या विद्येपाशी पोचली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता थोडा वेळ आपण सातासमुद्रापलीकडे जाऊ. २६ ऑगस्ट १९१८ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कॅथरीन नावाची एक कृष्णवर्णी मुलगी जन्मास आली. तिला मोजण्याचा विलक्षण छंद होता. परंतु तिच्या गावी कृष्णवर्णी मुलांसाठी आठव्या इयत्तेपुढे शाळाच नव्हती. आईवडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी दूरच्या गावी बिऱ्हाड केले. मुलीने त्या कष्टांचे सोने केले. अठराव्या वर्षी, १९३७ साली, ती गणित व फ्रेंच या विषयांत पदवीधर झाली. तिची पात्रता पाहून डॉ. क्लेटर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी अवकाशातील विश्लेषक भूमितीचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम केवळ तिच्यासाठी चालविला. पदवीनंतर मात्र अनेक वर्षे तिने शाळेत शिकविले, कारण कृष्णवर्णी स्त्रीला गणितज्ञ म्हणून नोकरी देणार कोण?

१९५३ साली तिला लँग्ले येथील विमानविद्येच्या सरकारी प्रयोगशाळेत काम मिळाले. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हे, माणसाला लावीत. कोष्टके भरणाऱ्या, आकडेमोड करणाऱ्या या 'कॉम्प्युटर' बहुतांशी स्त्रिया असत, आणि कृष्णवर्णी स्त्रियांचा विभाग वेगळा ठेवलेला असे. १९५८ साली ही प्रयोगशाळा 'नासा' या नव्या संस्थेत सामील झाली, आणि कॅथरीन जॉन्सन यांच्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. यान पृथ्वीवरील अमुक एका ठिकाणी उतरावयाचे आहे. तर ते कोणत्या दिशेने सोडावे?

श्रोतेहो, हा प्रश्न ऐकताच 'लीलावती'च्या वाचकास तिच्यातील व्यस्तविधीची आठवण होईल. शेवटची संख्या दिलेली असते. प्रत्येक क्रिया उलटी करीत, गुणिले तेथे भागून, मिळविले तेथे वजा करून, आरंभीच्या संख्येपर्यंत मागे जावयाचे असते. कॅथरीनबाईंनी नेमके हेच केले. उतरण्याची जागा धरून त्या मागे मागे गेल्या, आणि निघण्याची दिशा त्यांनी शोधून काढली. फरक एवढाच की, येथे पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे, तिचा आकार अगदी गोल नाही, आणि उत्तर चुकले तर महासागरात माणूस हरवणार आहे.

१९६० साली या विषयावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावर एका सहकाऱ्याबरोबर कॅथरीनबाईंचे नाव लेखिका म्हणून छापले होते. त्यांच्या विभागात असे श्रेय मिळालेली ती पहिली स्त्री. दोन वर्षांनी, २० फेब्रुवारी १९६२ रोजी, जॉन ग्लेन हा अंतराळवीर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. आकडेमोड आता विद्युत्-यंत्राने केली होती. परंतु ग्लेनचा त्या नव्या यंत्रावर पुरता भरवसा बसेना. त्याने आग्रह धरला की, त्या मुलीने हे आकडे हाताने पडताळून पाहावेत. ती ठीक म्हणाली तर मी निघतो. ती 'मुलगी' त्या वेळी त्रेचाळीस वर्षांची होती आणि तीन मुलींची आई होती. एका वाक्यात केवढा विश्वास आणि केवढी अनवधानता! त्याने आपला जीव तिच्या गणितावर ठेवला. परंतु तिचे नाव त्याच्या ओठी आले नाही. कॅथरीन जॉन्सन १९८६ साली निवृत्त झाल्या. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला तो २०१५ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. २०१६ साली त्यांच्यावर व त्यांच्या सहकारी स्त्रियांवर ग्रंथ निघाला, चित्रपट निघाला, आणि जगाला त्यांचे नाव समजले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी, एकशे एक वर्षांचे आयुष्य भोगून त्या निवर्तल्या.

आता पुन्हा बेंगळुरूकडे वळू. १५ ऑगस्ट २०१२ रोजी पंतप्रधानांनी मंगळमोहिमेची घोषणा केली, तेव्हा उड्डाणास जेमतेम पंधरा महिने उरले होते. एवढी घाई का, असे कोणी विचारील. पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळ ६८७ दिवसांत. दोघांची परस्परांना सोयीची स्थिती सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा येते. ती संधी हुकली की दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. शिवाय मंगळ आज जेथे दिसतो, तेथे यान पाठवून उपयोग नाही. उडत्या पक्ष्याचा वेध घेणारा पारधी पक्ष्याच्या पुढे नेम धरतो, तसे मंगळ दहा महिन्यांनी जेथे असेल, त्या रिकाम्या जागेकडे यान धाडावयाचे असते. येथेही पुन्हा व्यस्तविधीच. पोचण्याचा क्षण धरून निघण्याच्या क्षणाकडे मागे यावयाचे.

या मोहिमेच्या कार्यसंचालनात उपसंचालकाच्या जागी दोन स्त्रिया होत्या: ऋतू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ. ऋतूबाई लखनौच्या. लहानपणी चंद्राच्या कला पाहून त्यांना प्रश्न पडत, आणि अंतराळविषयक वर्तमानपत्री कात्रणे त्या जमवून ठेवीत. लखनौ विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंतराळ अभियांत्रिकी शिकल्या. कमला भागवतांना जेथे अटी घातल्या गेल्या होत्या, तीच ही संस्था. १९९७ साली त्या इस्रोत रुजू झाल्या. नंदिनीबाईंच्या आई गणिताच्या शिक्षिका आणि वडील अभियंता. इस्रोतील नोकरी ही त्यांची पहिलीच नोकरी, आणि दोन दशकांत त्यांनी चौदा मोहिमांवर काम केले. या दोघींना कोणी काटेकोर अर्थाने गणितज्ञ म्हणणार नाही. परंतु यानाची कक्षा आखणे, त्याने केव्हा काय करावे हे ठरविणे, ठरविल्यापासून ते किती ढळले हे पाहून पुढचे पाऊल बदलणे, या कामाचा प्राण गणित हाच आहे.

हे काम किती नाजूक होते, ते थोडक्यात सांगतो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघाले. त्याचे वजन १३३७ किलो, आणि त्यातील ८५२ किलो नुसते इंधन. आपला अग्निबाण यानाला थेट मंगळाच्या वाटेस लावण्याइतका बलवान नव्हता. म्हणून यानाला पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरवीत ठेवून हळूहळू वर न्यावयाचे ठरले. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण झोका देतो, तो योग्य क्षणी, थोडा थोडा. एकदम जोर लावीत नाही. यानही पृथ्वीच्या सर्वांत जवळ येते तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक असतो, आणि त्या क्षणी इंजिन चालविल्यास थोड्या इंधनात अधिक लाभ होतो. पहिल्या झोक्याने कक्षेचे दूरचे टोक २८,८२५ किलोमीटरांवर गेले, दुसऱ्याने ४०,१८६, तिसऱ्याने ७१,६३६.

चौथ्या वेळी, ११ नोव्हेंबरला, अडचण आली. इंधनाची झडप उघडणाऱ्या मुख्य व पर्यायी अशा दोन्ही वेटोळ्यांना एकाच वेळी वीज देऊन पाहिली असता इंजिनाकडे जाणारा प्रवाहच थांबला. वेगात सेकंदाला १३० मीटरांची भर पडावयाची, ती ३५ मीटरांचीच पडली. दूरचे टोक लाखाच्या घरात जावयाचे, ते ७८,२७६ किलोमीटरांवरच राहिले. मंगळ काही कोणासाठी थांबत नाही. लगेच नवे गणित मांडावे लागले, आणि दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, पहाटे एक जादा झोका देऊन ते टोक १,१८,६४२ किलोमीटरांवर नेण्यात आले. १६ नोव्हेंबरला ते १,९२,८७४ झाले. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने इंजिन सुमारे बावीस मिनिटे चालले, आणि यानाने पृथ्वीचा निरोप घेतला.

पुढचा प्रवास दहा महिन्यांचा. वाटेत थोडीफार दुरुस्ती होत होती. परंतु मुख्य इंजिन मात्र निजलेले होते. तीनशे दिवस निजलेले इंजिन पुन्हा जागे होईल काय, हाच सर्वांच्या मनाला लागलेला घोर. मंगळापाशी पोचल्यावर यानाचा वेग सेकंदाला सुमारे ११०० मीटरांनी कमी करावयाचा होता. कमी झाला नाही तर यान मंगळाला ओलांडून कायमचे निघून जाणार. फाजील कमी झाला तर ते मंगळावर आदळणार. आणि यातील खरी मेख निराळीच होती. त्या दिवशी मंगळ पृथ्वीपासून बावीस कोटी किलोमीटरांहून अधिक दूर होता. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संदेशालाही तेथे पोचण्यास साडेबारा मिनिटे लागत. अडचण आली, यानाने कळविले, आपण उपाय सांगितला, यात पंचवीस मिनिटे जाणार. आणि इंजिन चालावयाचे होते तेच मुळी चोवीस मिनिटे! शिवाय त्या वेळेपैकी बराच काळ यान मंगळाच्या आड असणार.

म्हणून यानालाच शहाणे करणे भाग होते. अमुक उपकरण बिघडले तर कोणाकडे पाहावे, वेग हवा तितका कमी झाला हे कसे ओळखावे, इंजिन केव्हा बंद करावे, हे सारे निर्णय यानाने स्वतः घ्यावयाचे. ही स्वायत्त बुद्धी यानात घालण्याच्या कामात ऋतू करिधाल यांचा वाटा प्रमुख होता. आई जशी मुलाला प्रथमच दूरच्या प्रवासास धाडताना शंभर सूचना देते, तसे हे काम, असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. परंतु तो मी आवरतो. हे काम मायेचे नव्हते, तर्काचे होते. यानावर येऊ शकणाऱ्या प्रत्येक संकटाची आधी कल्पना करणे, प्रत्येकाला उत्तर लिहिणे, आणि दोन उत्तरे परस्परांस मारक ठरणार नाहीत हे तपासणे, याला शिस्तबद्ध बुद्धी लागते.

२२ सप्टेंबर २०१४ रोजी इंजिन सुमारे चार सेकंद चालवून पाहिले. ते जागे झाले. २४ सप्टेंबरच्या सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी यानाने, कोणी न सांगता, आपल्याला दिलेल्या पाठाप्रमाणे इंजिन सुरू केले. ते १३८९ सेकंद चालले. आठाच्या सुमारास बेंगळुरूत वार्ता आली की, यान मंगळाच्या कक्षेत आहे. पहिल्याच प्रयत्नात हे साधणारा भारत हा पहिला देश ठरला. सहा महिने टिकावे या हिशेबाने केलेले ते यान २०२२ सालापर्यंत संदेश धाडीत राहिले.

त्या सकाळचे एक छायाचित्र जगभर गाजले. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या काही स्त्रिया हर्षभराने परस्परांचे अभिनंदन करीत आहेत. परदेशी वृत्तपत्रांनी लिहिले: पाहा, भारताच्या मंगळमोहिमेच्या या शास्त्रज्ञ! काही दिवसांनी खुलासा झाला की, छायाचित्रातील त्या स्त्रिया प्रशासन विभागातील कर्मचारी होत्या. मोहिमेत शास्त्रज्ञ स्त्रिया पुष्कळ होत्या. त्या या छायाचित्रात नव्हत्या, इतकेच.

मी स्वतः शासकीय सेवेत असल्यामुळे या प्रसंगाने मला विचारात पाडले. या छायाचित्रातील स्त्रियांचा आनंद खोटा नव्हता. वेतनपत्रके, खरेदीची कागदपत्रे, हजार परवानग्या, यांवाचून कोणतेही यान उडत नाही. त्या दिवशी गजरा माळण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. चूक त्यांची नव्हे, पाहणाऱ्यांची होती. जगाने साडी पाहिली, गजरा पाहिला, आणि काम कोणी काय केले हे विचारण्याची तसदी न घेता टाळ्या वाजविल्या. जॉन ग्लेनने 'त्या मुलीला' विचारा म्हटले आणि नाव घेतले नाही. येथे जगाने गौरव केला आणि नावच विचारले नाही. कचेरीत आम्ही रोज पाहतो की, टिपणी एक जण लिहितो आणि तिच्याखालची सही दुसऱ्याची असते. टिपणी लिहिणाऱ्याची आद्याक्षरे समासात कोठेतरी राहतात. धारिका बंद होते, आणि ती आद्याक्षरे कोणाची होती, हे सांगणारा उरत नाही. विज्ञानाच्या धारिकांतून अशी किती आद्याक्षरे स्त्रियांची होती, याचा शोध जगाने उशिरा सुरू केला.

या गौरवाची दुसरी एक रीतही मला खटकते. शास्त्रज्ञ स्त्रीची मुलाखत घेताना आपण प्रथम विचारतो: घर कसे सांभाळता? मुलांचा अभ्यास कोण घेते? प्रश्न खोटा नाही. त्यांच्या खांद्यावर दोन्ही भार असतात, हे खरेच आहे. परंतु हा प्रश्न पुरुषाला कोणी विचारीत नाही, आणि तो विचारण्याच्या भरात स्वायत्त यान म्हणजे काय, हे विचारावयाचे राहून जाते. ज्या मुलीने ती मुलाखत ऐकली, तिच्या मनावर ठसते ते कष्ट. गणिताची गोडी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

यशाबरोबर अपयशाचाही हिशेब मांडला पाहिजे. चांद्रयान-२ मोहिमेत ऋतू करिधाल मोहीमसंचालक होत्या आणि मुथय्या वनिता प्रकल्पसंचालक होत्या. २२ जुलै २०१९ रोजी यान निघाले, चंद्राच्या कक्षेत नीट स्थिरावले. परंतु ७ सप्टेंबरच्या पहाटे 'विक्रम' हा अवतरक चंद्राजवळ पोचल्यावर वेगावरचा ताबा सुटून आदळला. साऱ्या देशाने तो क्षण पाहिला. या अपयशाचा ठपका कोणी स्त्रीत्वावर ठेवला नाही, ही मला प्रगतीची खूण वाटते. अभियांत्रिकीची चूक अभियांत्रिकीनेच शोधली. फिरता भाग, ज्याने वर्षभर टिकावे अशी अपेक्षा होती, तो चंद्राभोवती फिरतच राहिला. आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात अलगद उतरले, तेव्हा सहयोगी प्रकल्पसंचालक म्हणून कल्पना काळहस्ती यांचे नाव देशाने त्याच दिवशी ऐकले. त्यानंतर दहाच दिवसांनी निघालेल्या 'आदित्य' या सूर्यवेधी यानाच्या प्रकल्पसंचालक होत्या निगार शाजी. हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पंधरा लाख किलोमीटरांवरील आपल्या स्थानी पोचले. कॅथरीन जॉन्सन यांच्या नावाला जगापर्यंत पोचण्यास अर्धे शतक लागले. या नावांना एक दिवस लागला. तरी २०२५ सालापर्यंत इस्रोच्या अध्यक्षपदी एकही स्त्री आलेली नव्हती, हेही या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले पाहिजे.

श्रोतेहो, मुलींना गणित जमत नाही, असे आता उघडपणे फारसे कोणी म्हणत नाही. परंतु मुलीचे गणित एकदा चुकले की, 'जाऊ दे, तिचा तो विषय नव्हे' असे आपण सहज म्हणून जातो. मुलाचे चुकले तर त्याला शिकवणी लावतो. कोवळ्या वयात दोघांच्या वाटा एका अंशाने वेगळ्या झाल्या, तर दहा वर्षांनी त्यांत किती अंतर पडेल, हे कक्षेचे गणित जाणणाऱ्यास सांगावयास नको. मंगळाच्या वाटेवर एवढासा फरक लाखो किलोमीटरांचा होतो; आयुष्याच्या वाटेवर तो एका जन्माचा होतो. यानाची वाट मध्येच दुरुस्त करता येते, आणि मुलीचीही येते. मात्र ती ढळते आहे, हे वेळेवर कोणी तरी पाहावे लागते. शिक्षकाने, आईने, वडिलांनी.

'लीलावती'त विहीर भरण्याचे एक गणित आहे. निरनिराळे झरे निरनिराळ्या वेळात ती भरतात; सर्व मिळून किती वेळात भरतील? आमच्या बेळ्ळंदूरच्या तळ्यात शहराचे सांडपाणी येत राहिले, फेस उसळू लागला, आणि २०१७ साली त्याच्या पाण्यावर आग लागलेली लोकांनी पाहिली. किती पाणी येते, किती शुद्ध होते, किती वाहून जाते, हेही अखेर त्याच विहिरीचे गणित आहे. मंगळाची वाट आखणाऱ्या शहराला ते अद्याप सोडविता आलेले नाही. या तळ्याकाठच्या शाळांतून, आणि आपल्या महाराष्ट्रातील प्रत्येक गावच्या शाळेतून, आज ज्या मुली विहिरीचे गणित सोडवीत बसल्या आहेत, त्यांच्यापैकी कोणी ते सोडवील. तेव्हा आपले काम एवढेच की, तिचे उत्तर नीट ऐकावे, आणि उत्तराखाली तिचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहावे.